बालेकिल्ल्यातला नागरिक

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिककरांच्या मोबाइलवर एकच वाक्य फिरत होते: ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’. ते म्हणणारे कालपरवापर्यंत चौकातल्या फ्लेक्सवर झळकणारे भाई-दादा होते, त्यांचे पंटर होते आणि काही राजकीय पदाधिकारीही होते. मागे पोलीस उभे, समोर कॅमेरा, कुणी लंगडतोय, कुणी हात जोडतोय. पोलीस आयुक्त संदीप कर्णिक यांच्या काळातल्या या मोहिमेला शहराने मनापासून टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना कारणही होते. खुनांचे सत्र थांबत नव्हते आणि कोयते नाचवणारी पोरे बिनधास्त रील काढत होती. नाशिकरोडजवळच्या शिंदे गावातला एमडी या अमली पदार्थाचा कारखाना २०२३ मध्ये उघडकीस आणायला मुंबईहून साकीनाका पोलिसांना यावे लागले होते, हेही लोक विसरले नव्हते.

तरी त्या चित्रफिती पाहताना एक साधा प्रश्न पडायला हवा होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये शिक्षांची यादी आहे: मृत्युदंड, जन्मठेप, कारावास, मालमत्तेची जप्ती, दंड आणि नव्याने आलेली समाजसेवा. या सहांत धिंड नाही, कॅमेऱ्यासमोर घोषणा म्हणायला लावणेही नाही. शिवाय यादीतली शिक्षा द्यायची तीही न्यायालयाने, दोष सिद्ध झाल्यावर. कायद्याचा बालेकिल्ला म्हणायचे, तर आत कायदा सगळ्यांनाच लागू असला पाहिजे. खाकीतल्यांनाही.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो: ‘गुंडांना कसले आलेत हक्क?’ त्याचे उत्तर दिल्लीच्या निकालपत्रांत शोधायची गरज नाही. ते नाशिक जिल्ह्यातच तीनदा मिळाले आहे.

जिल्ह्याने पाहिलेले तीन दाखले

पहिला दाखला कंपनी सरकारच्या काळातला. १८५० च्या दशकात नाशिकमध्ये खुनाच्या संशयावरून पकडलेला गुन्नू नावाचा माणूस कोठडीतल्या छळाने मेला. कबुलीजबाब काढण्यासाठी केलेला तो छळ इतका अमानुष होता की प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेले. इतिहासकार अनुपमा राव यांनी त्यावर विस्ताराने लिहिले आहे. त्याच सुमारास, १८५५ मध्ये, मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. अशा अनुभवांतून ब्रिटिशांनी १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यात एक नियम घातला: पोलिसासमोर दिलेली गुन्ह्याची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाही. आजच्या भारतीय साक्ष अधिनियमात हाच नियम कलम २३ मध्ये आहे. म्हणजे हे संरक्षण कुणा मानवाधिकारवाल्याच्या डोक्यातून निघालेले नाही. राज्यकर्त्यांनाच आपल्या पोलिसांचा अनुभव आला होता.

दुसरा दाखला मालेगावचा. ८ सप्टेंबर २००६ रोजी शब-ए-बारातच्या दिवशी तिथे बॉम्बस्फोट झाले. दहशतवादविरोधी पथकाने बहुतांशी शहरातल्याच मुस्लिम तरुणांना पकडले आणि त्यांच्यावर मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लावला. मोक्कात वर सांगितलेला नियम उलटा होतो. त्याच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुरावा ठरते. कबुलीजबाब आले, आरोपपत्र उभे राहिले, पाच वर्षे तुरुंगात गेली. पुढे तपासाची दिशाच बदलली, २०११ मध्ये जामीन झाले आणि २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. ज्यांच्या सह्यांवर खटला उभा होता, त्यांच्याविरुद्ध खटला चालवण्याइतकाही पुरावा नव्हता.

तिसरा दाखला सगळ्यांत जड. जून २००३ मध्ये नाशिकरोडजवळच्या बेलतगव्हाण शिवारात एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर समोर आले. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल फिरवून सगळ्यांना निर्दोष सोडले. घटनेनंतर दोनच दिवसांनी वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या फोटो-अल्बममधून भलतीच चार माणसे ओळखली होती. त्यांचा तपासच झाला नाही आणि ही गोष्ट आरोपींपासून दडवली गेली. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. तोवर सोळा वर्षे उलटली होती आणि खरे खुनी मोकळे राहिले होते.

२००३ साली या सहा जणांची कुणी घोषणा म्हणवून चित्रफीत काढली असती, तर त्या वेळीही टाळ्या पडल्याच असत्या. अटकेच्या वेळी दोषी आणि निर्दोष सारखेच दिसतात, म्हणून नियम सगळ्यांसाठी आहेत. यांतल्या शेवटच्या दोन प्रकरणांतून दिसणारी दुसरी गोष्ट अशी की अन्याय झाला तो कागद लिहिताना, आणि उशिरा का होईना सुटका झाली तीही कागदामुळेच. अल्बम पाहिल्याची नोंद कुठेतरी राहिली नसती, तर ती सहा माणसे आज नसती. पोलिसांशी गाठ पडली की हक्क तोंडी सांगून फारसे काही होत नाही. त्याची लेखी नोंद आणि वेळ मागे राहिली, तरच तो पुढे उपयोगी पडतो. हे धरून रस्त्यापासून न्यायालयापर्यंतच्या वाटेचा आढावा घेऊ.

रस्त्यावर

बहुतेकांची पोलिसांशी ओळख नाकाबंदीत होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर लायसन्स दाखवावे लागते. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरची प्रत कायद्याने चालते, खिशात मूळ कागद असण्याची सक्ती नाही. गाडीची चावी हिसकावून घेण्याचा अधिकार मात्र कलमांत शोधून सापडत नाही. उभ्या उभ्या फोन उघडून व्हॉट्सअॅप दाखवायला लावण्याचाही सरसकट अधिकार नाही. दंड रोखीत दिला तर पावती घ्यायची. पावती नसेल तर तो दंड नव्हे.

याला दुसरी बाजूही आहे. नाव-पत्ता विचारल्यावर सांगायला नकार देणे अंगाशी येऊ शकते. पोलिसासमोरच अदखलपात्र गुन्हा करणारा नाव सांगत नसेल किंवा खोटे सांगत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९ त्याला अटक करू देते. पोलिसाच्या कायदेशीर सूचना पाळणे बंधनकारकही आहे. ‘सरकारी कामात अडथळा’ हे शब्द प्रत्येक नाशिककराला पाठ आहेत. जुने ३५३ आता न्याय संहितेत १३२ झाले, पण त्याचा धाक तसाच आहे. म्हणून आवाज चढवायचा नाही, अंगाला हात लावायचा नाही, छातीवरची नावाची पट्टी वाचायची आणि वेळ लक्षात ठेवायची. ‘साहेब, कोणत्या कलमाखाली?’ हे शांतपणे विचारता येते आणि विचारणे गुन्हा नाही.

ठाण्याची पायरी

पोलीस म्हटले की आपल्याला आरोपी आठवतो. प्रत्यक्षात ठाण्याची पायरी चढणारे बहुतेक लोक तक्रारदार असतात आणि हक्काची पहिली झटापट त्यांचीच होते. दृश्य ओळखीचे आहे. टेबलामागे ठाणे अंमलदार, बाजूला वायरलेसची खरखर, बाकावर तीन माणसे. मोबाइल हिसकावला गेलेल्या पोराला पहिला प्रश्न: ‘कुठे झालं?’ त्याने जागा सांगितली की उत्तर: ‘मग ही आमची हद्द नाही, गंगापूरला जा.’ गंगापूरचे सांगतात सरकारवाडा, सरकारवाड्याचे सांगतात भद्रकाली. तिसऱ्या ठाण्यात पोहोचेपर्यंत हिसकावल्याचे ‘गहाळ’ होते आणि हातात फक्त हरवल्याचा दाखला पडतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीचे हे कारण कागदावर तरी संपवले. कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र असेल तर कोणत्याही ठाण्याने तो शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवायचा. तक्रार ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत लगेच आणि फुकट मिळते. सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजीच सांगितले होते की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे. नव्या संहितेने त्यात एक फट ठेवली. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर आले, तर परवानगी कुणाची आणि चौदा दिवस कधी संपतात, हे विचारावे.

ठाण्यातला दुसरा शब्द ‘एन.सी.’. अदखलपात्र तक्रार डायरीत लिहून घेतली की न्यायालयाच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही. मारहाणीत हाड मोडलेले असताना केवळ एन.सी. घेतली जाते, ही वकिलांच्या रोजच्या कामातली तक्रार आहे. अशा वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. ठाण्याने नकार दिला तर तोच अर्ज टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येतो, शहरात आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे. तिथेही काही हलले नाही, तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. वकील ज्याला इतकी वर्षे ‘१५६(३)’ म्हणत आले, ते आता कलम १७५(३) आहे. आवक शिक्क्याची प्रत जवळ नसेल, तर ही पुढची दारे उघडत नाहीत. गुन्हा नोंदल्यावर तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत तक्रारदाराला कळवणेही नव्या संहितेने बंधनकारक केले आहे. कळवले नाही तर त्या कलमाचे, १९३(३) चे, नाव घेऊन विचारावे.

‘जरा येऊन जा’

अटकेच्या आधीचा एक धूसर प्रदेश आहे आणि सामान्य माणूस सर्वांत जास्त तिथेच अडकतो. फोन येतो: ‘साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जा.’ जाणारा साक्षीदार म्हणून जातोय की संशयित म्हणून, हे तो विचारत नाही आणि समोरचाही सांगत नाही. सकाळी गेलेला रात्रीपर्यंत बाकावर बसून राहतो. डायरीत तो आलेलाच नसतो.

कायद्यात या दोन्ही भूमिकांसाठी वेगळे कागद आहेत. साक्षीदाराला बोलवायचे तर कलम १७९ नुसार लेखी आदेश लागतो. पंधरा वर्षांखालची मुले, साठ वर्षांवरचे पुरुष, कोणत्याही वयाच्या स्त्रिया, अपंग आणि गंभीर आजारी यांना ठाण्यात बोलावताच येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे. स्त्रियांपुरता हा नियम का हवा, हे आपल्याच राज्याच्या एका कटू अनुभवाने दाखवले आहे. मार्च १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले, देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलावा लागला.

संशयिताला बोलवायचे तर कलम ३५(३) ची नोटीस. जुनी ४१-अ ती हीच. नोटीस पाळणाऱ्याला एरवी अटक करायची नाही, आणि करायचीच असेल तर कारणे लिहून ठेवायची. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली निवृत्त लोकांची आयुष्यभराची पुंजी लुटली जाते त्या काळात ही माहिती सोन्यासारखी आहे. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही आणि खरा पोलीस जामिनाचे पैसे खात्यावर मागत नाही. असा कॉल आला तर तो तोडून १९३० ला फोन करायचा.

जबाब देताना खरे सांगणे बंधनकारक आहे, पण स्वतःला गुन्ह्यात अडकवणाऱ्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २०(३) मध्ये आहे. हा हक्क ठाण्यातल्या चौकशीलाही लागू होतो, असे नंदिनी सत्पथी प्रकरणात १९७८ मध्येच ठरले. तपासातल्या जबाबावर सही घ्यायची नाही असे कलम १८१ सांगते. तरीही सही मागितली जाते, कधी कोऱ्या कागदावर. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मी संकटे टळतात.

अटक

अटकेचा अधिकार आहे म्हणजे अटक केलीच पाहिजे असे नाही. अर्नेश कुमार प्रकरणात २ जुलै २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटकेला लगाम घातला. अटक का गरजेची आहे ते पोलिसांनी लिहायचे आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी ते वाचायचे. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीवरच्या किंवा दुर्बल व्यक्तीला पकडायचे तर आता उपअधीक्षकाची पूर्वपरवानगी लागते. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद करायचाच तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची.

अटक झालीच, तर तिचा एक मेमो होतो. त्यावर वेळ आणि तारीख असते, घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असते आणि अटक झालेल्याचीही सही असते. डी. के. बसू प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ रोजी घालून दिलेले हे नियम आता संहितेतच आले आहेत. यातली वेळ फार महत्त्वाची, कारण न्यायालयात हजर करण्याचे चोवीस तास तिच्यापासून मोजतात. पहाटे घरून उचललेल्या माणसाची अटक संध्याकाळी दाखवली, तर मधले बारा तास कुठल्याच हिशेबात येत नाहीत. म्हणून घरच्यांनी उचलले त्या क्षणीच ११२ ला फोन करून नोंद करावी किंवा आयुक्तालयाला मेसेज, ई-मेल टाकून ठेवावा. पुढे तो वेळेचा पुरावा ठरतो.

या विषयातला एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला आहे. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघातातून निघालेल्या ‘मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टीन मसीह यांनी सांगितले की प्रत्येक गुन्ह्यात अटकेची कारणे लेखी द्यायची, तीही अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत. तत्काळ शक्य नसेल तर तोंडी सांगायची, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. नाही पडला तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. सुरगाणा-पेठच्या आदिवासी माणसाला इंग्रजी कलमांची यादी देऊन आता भागणार नाही.

वकिलाचे काय? चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देते, मात्र संपूर्ण चौकशीभर त्याला शेजारी बसवण्याचा देत नाही. पैसे नाहीत म्हणून वकील नाही, हे कारण कोठडीतल्या कुणालाही लागू नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतली प्रत्येक व्यक्ती, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाला पात्र आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि त्याचे लोकअभिरक्षक कार्यालय याच कामासाठी आहे. मदतीचा क्रमांक १५१००.

वकील असला की काय फरक पडतो ते ऑगस्ट २०२१ मध्ये दिसले. तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे यांनी मुख्यमंत्र्यांबद्दल केलेल्या वक्तव्यावरून नाशिकसह अनेक ठिकाणी गुन्हे दाखल झाले. नाशिकच्या पोलीस आयुक्तांनी अटकेचा आदेश काढून पथक धाडले. प्रत्यक्षात २४ ऑगस्टला महाडच्या गुन्ह्यात रत्नागिरी जिल्ह्यात त्यांना अटक झाली आणि त्याच रात्री महाडच्या न्यायालयाने जामीन दिला. अटक योग्य की राजकीय, हा वाद बाजूला ठेवू. मुद्दा इतकाच की कायदा जसा लिहिला आहे तसा त्या रात्री काही तासांत चालला. बेलतगव्हाणच्या सहा जणांसाठी त्याला सोळा वर्षे लागली.

‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’

रिमांडच्या वेळी न्यायाधीश एक प्रश्न विचारतात: ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हा प्रश्न उपचार म्हणून आलेला नाही. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो विचारणे बंधनकारक केले. बर्से यांनी मुंबईच्या कोठडीतल्या स्त्रियांच्या मारहाणीबद्दल न्यायालयाला पत्र लिहिले होते. आज न्यायालयात काय होते? आरोपी क्षणभर मागे पाहतो. दोन पावलांवर तोच हवालदार उभा असतो, ज्याच्यासोबत त्याला परत जायचे असते. उत्तर येते: ‘नाही साहेब.’ ते दोन शब्द रोजनाम्यात जातात आणि नंतरच्या प्रत्येक तक्रारीला आडवे येतात. मार लागला असेल तर तिथेच सांगायचे, जखम दाखवायची, वैद्यकीय तपासणी मागायची. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनाही ‘पडलो’ असे सांगायचे नाही.

न्यायालयीन भाषेत पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. पूर्वी पोलीस कोठडीचे दिवस पहिल्या पंधरवड्यातच संपत. नव्या संहितेत ते पंधरा दिवस पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. म्हणजे एमसीआर मिळाली, धोका टळला, असे आता समजता येत नाही. नव्या कायद्यातला हा बदल नागरिकाच्या विरोधात जाणारा आहे आणि त्यावर म्हणावी तेवढी चर्चा झालेली नाही.

कोठडीत काय होऊ शकते याचे दाखले महाराष्ट्राला नवे नाहीत. २०१७ मध्ये सांगलीत अनिकेत कोथळेचा कोठडीत मृत्यू झाला आणि पोलिसांनी त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत विधी शाखेचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्यात गुन्हा नोंदवण्यासाठी औरंगाबाद खंडपीठाला जुलै २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. ज्याला कायदा शिकवला जात होता, त्यालाही कायद्याने वेळेवर वाचवले नाही.

झडती, फोन आणि कॅमेरा

घराची झडती दोन पंचांसमोर होते, जप्त वस्तूंची यादी होते आणि तिची प्रत घरमालकाला मिळते. कलम १०५ ने आता झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे. फोन जप्त केला तर पंचनाम्यात कंपनी, मॉडेल, आयएमईआय क्रमांक आणि फोन चालू होता की बंद, हे यायला हवे. घडी घातलेल्या कागदात गुंडाळून नेलेला फोन पुढे काहीही ‘सांगू’ शकतो.

कॅमेरा नागरिकाच्याही बाजूने आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावायला आणि चित्रण अठरा महिन्यांपर्यंत जपायला सांगितले. ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज घटनेनंतर लगेच द्यावा, कारण नेमका तोच कॅमेरा त्या दिवशी बंद असण्याची परंपरा जुनी आहे. ठाण्यात कुणी मोबाइलवर चित्रीकरण केले की गोपनीयता कायदा दाखवला जातो. नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की पोलीस ठाणे हे त्या कायद्यातले निषिद्ध ठिकाण नाही.

न घडलेल्या गुन्ह्याची कारवाई

एक दालन असे आहे की तिथे गुन्हा घडलेला नसतानाही माणूस बांधला जातो. आंदोलनाच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्याच्या दारावर येणारी नोटीस (जुनी १४९, आता १६८), चॅप्टर केस (चांगल्या वागणुकीचा बॉण्ड घेण्याची कारवाई), तडीपारी आणि स्थानबद्धता. सण, निवडणूक, मोर्चा आला की या कागदांचा पाऊस पडतो.

नाशिक जिल्ह्यात इथे एक गमतीची विभागणी आहे. ग्रामीण भागात पोलीस तडीपारीचा प्रस्ताव देतात आणि निर्णय सहसा प्रांताधिकारी घेतात. शहरात आयुक्तालय असल्याने प्रस्ताव पोलिसांचा, सुनावणी पोलिसांपुढे आणि आदेशही पोलिसांचाच. म्हणून शहरातल्या माणसाने लेखी उत्तर देण्याला जास्त महत्त्व आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६० नुसार तडीपारीविरुद्ध तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते. जानेवारी २०२२ मध्ये जालन्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तडीपारी हा अपवादात्मक उपाय असल्याचे बजावले आणि कारणांशिवाय दोन वर्षांची कमाल मुदत लावणारा आदेश रद्द केला. उत्तर न देता घरी बसणाऱ्याला या निकालाचा उपयोग नाही.

दाद कुठे

पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांकडेच करायची, ही जुनी अडचण. प्रकाश सिंग प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र तक्रार प्राधिकरणे नेमायला सांगितले. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली आणि राज्य व विभाग अशा दोन पातळ्यांवर प्राधिकरणाची तरतूद केली. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारी तिथे प्रतिज्ञापत्रासह करता येतात. किती नागरिकांना हे ठाऊक आहे? ठाण्याच्या भिंतीवर अमली पदार्थांपासून हेल्मेटपर्यंत सगळे फलक असतात, या प्राधिकरणाचा पत्ता मात्र शोधावा लागतो. याखेरीज राज्य मानवी हक्क आयोग आहे आणि शेवटी उच्च न्यायालय.

पोलिसांची बाजू न मांडता हा आढावा पुरा होणार नाही. बंदोबस्त, तपास, न्यायालयाच्या तारखा, मंत्र्यांचे दौरे हे सगळे तीच माणसे करतात. तपासासाठी वेगळे मनुष्यबळ ठेवा, असेही प्रकाश सिंग निकालात होते. तो भाग तर आणखीच मागे पडला. ‘रिझल्ट’ मागणारे पुढारी आणि टाळ्या वाजवणारे लोकही पोलिसाला आडवाटेला ढकलतात. राज्यातल्या उपनिरीक्षकांना घडवणारी महाराष्ट्र पोलीस अकादमी नाशिकमध्येच, त्र्यंबक रस्त्यावर आहे. वर्गात डी. के. बसू शिकवला जात असताना बाहेरच्या रस्त्यावर धिंडीला टाळ्या पडत असतील, तर नवा अधिकारी कोणता धडा लक्षात ठेवेल?

२०२७ च्या सिंहस्थात बाहेरगावाहून लाखो माणसे आणि हजारो पोलीस या शहरात असतील. त्याआधी आयुक्तालय आणि ग्रामीण पोलीस यांना तीन गोष्टी सहज करता येतील. अटकेच्या कारणांचा मराठी नमुना प्रत्येक ठाण्यात ठेवावा. विधी सेवा प्राधिकरणाचा आणि तक्रार प्राधिकरणाचा पत्ता ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे मोठ्या अक्षरांत लावावा. चौकशीला आलेल्या प्रत्येकाच्या येण्या-जाण्याची वेळ डायरीत घ्यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही.

आणि वाचकांना एवढेच सांगणे: घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ११२, १५१०० आणि एका ओळखीच्या वकिलाचा क्रमांक आजच टाका. ठाण्यात एकटे जाऊ नका, कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय परत येऊ नका.